चौकाखालची सिम्फनी

तीन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळी संध्याकाळी मी जर्मनीतल्या कोलोनच्या मुख्य रेल्वे स्थानकावरून ऱ्हाइन नदीकडे निघाले होते. बॉनमध्ये राहायला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते, हातात चाकांची बॅग होती आणि नदीपलीकडच्या डॉइट्स भागात एका परिचित कुटुंबाकडे जेवायला पोहोचायचे होते. कॅथेड्रलच्या मागे, लुडविग संग्रहालयाला लागून, लाल विटांचा एक मोकळा चौक आहे. तो ओलांडला की नदीवरच्या पुलाची पादचारी वाट लागते. मी त्या चौकात पाऊल टाकणार तोच एका रखवालदाराने हात आडवा धरला आणि अगदी हळू आवाजात मला काही सांगितले. माझे जर्मन तेव्हा फारच कच्चे होते, त्यामुळे त्यातला ‘कॉन्सर्ट’ एवढा एकच शब्द मला उमगला. समोर मंच नव्हता, श्रोते नव्हते, एकही वाद्य नव्हते. चौक पूर्ण रिकामा होता. रखवालदाराने आधी स्वतःच्या बुटांखालच्या विटांकडे बोट दाखवले, मग कडेने जाणारी वाट दाखवली, आणि मी बॅग उचलून त्या वाटेने गेले.

त्या बोटाचा अर्थ मला जेवणाच्या टेबलावर समजला. कोलोनचे फिलहार्मोनी हे सभागृह त्या चौकाच्या बरोबर खाली आहे. १९८६ साली सुरू झालेल्या या सभागृहात सुमारे २,००० लोक बसतात, आणि त्यांच्या डोक्यावरचे छत म्हणजेच आपण वर ज्यावरून चालतो ती जमीन. बॅगेची चाके, टाचांचे बूट, मुलांचे स्केटबोर्ड यांचा आवाज विटांमधून खाली उतरतो, म्हणून मैफल चालू असेपर्यंत चौक बंद ठेवला जातो आणि रखवालदार उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वळसा घालायला सांगतात. चौकाला हाइनरिश ब्योल यांचे नाव आहे. १९७२ साली साहित्याचे नोबेल मिळालेले ब्योल याच शहरात जन्मले. चौकाची विटांची रचना मात्र दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराची आहे. हे सगळे कळल्यावर मला त्या रिकाम्या चौकाविषयी विलक्षण आपुलकी वाटू लागली. खाली बसलेले २,००० लोक आणि वरून वळसा घालणारे अनोळखी लोक यांच्यात काही बोलणे झालेले नसते, तरीही वरच्यांनी दोन मिनिटे जास्त चालल्यामुळे खालच्यांची रात्र घडते. एकदा तरी खालच्या बाजूला बसायचे, असे मी त्याच रात्री ठरवले होते.

तो योग या वर्षीच्या जूनमध्ये आला, कारण साताऱ्याहून मावशी आली. मावशी ७१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, आणि गाण्याची जुनी भक्त. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालत असे त्या काळात ती शाल, थर्मास आणि घरून केलेल्या दशम्या घेऊन दरवर्षी जायची, आणि पहाटेचा राग ऐकून सकाळच्या एस.टी.ने परत येऊन शाळेत हजर व्हायची. इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, “मला तुझे राजवाडे आणि दुकाने दाखवू नकोस. या लोकांचे गाणे त्यांच्यात बसून एकदा ऐकव, म्हणजे झाले.” फिलहार्मोनीच्या कार्यक्रमपत्रिकेत उत्तरार्धात एकोणिसाव्या शतकातले जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान यांची तिसरी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली दीर्घ रचना, जिला ऱ्हाइनची सिम्फनी म्हणतात, ती दिसली आणि मी त्याच क्षणी दोन तिकिटे काढली. त्याच तिकिटावर बॉनहून कोलोनला रेल्वेने जाता-येता येते, असे त्यावर छापलेले पाहून मावशीला फार बरे वाटले.

बॉनहून गाडीने जेमतेम अर्धा तास लागतो. कोलोनच्या स्थानकातून बाहेर पडले की डोम, म्हणजे तिथले कॅथेड्रल, इतके जवळ उभे असते की पाहण्यासाठी मान पूर्ण मागे टाकावी लागते. दोन्ही मनोरे १५७ मीटर उंच आहेत आणि दगड काळवंडलेला आहे. मावशीला मी सांगितले की मध्ययुगात या दगडांपैकी पुष्कळसा आपल्या बॉनजवळून, ड्राखनफेल्सच्या टेकडीवरून नदीमार्गे आणला गेला. रोज संध्याकाळी फिरायला गेल्यावर आम्हाला दिसते तीच ही टेकडी. मग तिने विचारले, “बांधायला किती वर्षे लागली?” या प्रश्नाचे उत्तर मला मनापासून आवडते. पायाभरणी १२४८ साली झाली, सोळाव्या शतकात काम थांबले, आणि अर्धवट राहिलेल्या दक्षिण मनोऱ्यावरची लाकडी यारी, म्हणजे दगड वर चढवण्याची क्रेन, तशीच राहिली. पिढ्यानपिढ्या कोलोनच्या लोकांनी आपले शहर दुरून ओळखले ते त्या यारीवरून. १८४२ साली काम पुन्हा सुरू झाले, १८६८ साली ती यारी उतरवली गेली, आणि १८८० साली मनोरे पूर्ण झाले. शुमान १८५० साली शेजारच्या ड्युसलडॉर्फ शहरात संगीत संचालक म्हणून आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ही सिम्फनी लिहिली. तिचा चौथा भाग या कॅथेड्रलच्या प्रभावातून आला असे मानले जाते.

मावशी थोडा वेळ वर पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे त्याने हे असे पुरे झालेले पाहिलेच नाही.”

“नाही, मावशी. हे पुरे झाले तेव्हा त्याला जाऊन २४ वर्षे झाली होती.”

“मग त्याने मनात पुरे केले असेल,” ती म्हणाली, आणि आम्ही चौकाकडे वळलो.

साडेसात वाजले होते, ऊन अजून स्वच्छ होते आणि चौक खुला होता. त्यावरून चालताना मी मावशीला रखवालदाराची गोष्ट सांगितली. तिने वाकून विटांना हात लावून पाहिला.

फिलहार्मोनीत शिरले की आपण खाली खाली उतरत जातो. सभागृह जुन्या ग्रीक रंगमंडलासारखे अर्धवर्तुळाकार उतरते आहे, मध्ये एकही खांब नाही, आणि सर्वांत मागच्या रांगेतूनही वादकांचे हात दिसतात. कोट ठेवण्याच्या खिडकीवर खोकल्याच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या, कुणालाही विनामूल्य घेता याव्यात म्हणून. मावशीने त्यातल्या दोन उचलल्या आणि एक माझ्या हातावर ठेवली. लोकांचे कपडे पाहून तिचे दडपण गेले. कुणी काळ्या सुटात होते, कुणी साध्या सदऱ्यात, आणि तिच्या इरकल साडीकडे शेजारच्या आजीबाई कौतुकाने पाहत होत्या.

पूर्वार्धाविषयी मी फार लिहीत नाही. तो नेटका झाला. मध्यंतरानंतर शुमान सुरू झाले आणि पहिल्याच स्वरात नदी भरून आल्यासारखे वाटले. ही सिम्फनी साधारण ३५ मिनिटांची आहे आणि नेहमीच्या चार भागांऐवजी तिचे पाच भाग आहेत. मावशीला पाश्चात्त्य संगीताची लिपी येत नाही, भागांची नावे तिला ठाऊक नव्हती, पण आयुष्यभर गाणे ऐकलेले कान कुठेही काम करतात. दुसरा भाग संपून तिसरा सुरू होण्याच्या मधल्या क्षणात ती माझ्या कानाशी कुजबुजली, “मागे ती तीन माणसे पितळेची लांब वाद्ये मांडीवर घेऊन नुसती बसली आहेत. त्यांनी अजून एक सूरही लावलेला नाही.” ते ट्रॉम्बोन वाजवणारे होते. शुमान यांनी पहिल्या तीन भागांत ट्रॉम्बोनला काहीच दिलेले नाही. मी अनेकदा ही सिम्फनी ध्वनिमुद्रणात ऐकली होती, पण नुसते ऐकताना ती माणसे दिसत नाहीत, आणि त्यामुळे त्यांचे थांबणेही मला कधी जाणवले नव्हते.

मग चौथा भाग आला. तिघांनी वाद्ये उचलली आणि अगदी हळू, गंभीर स्वरात सुरुवात केली. जणू कुणी दगडी मंडपातून पावले मोजत चालत आहे, आणि प्रत्येक पावलाला वरून उत्तर मिळते आहे. एक वाद्य जी स्वरावली मांडते ती दुसरे उचलते, मग तिसरे, आणि एकावर एक कमानी चढत जाव्यात तसे ते संगीत चढते. बाहेर दीडशे पावलांवर तो डोम खरोखर उभा आहे, हे त्या क्षणी आमच्या दोघींच्याही मनात होते. सभागृहात इतकी शांतता होती की शेजारच्या आजीबाईंचा श्वास मला ऐकू येत होता. मी नकळत वर पाहिले. आमच्या डोक्यावर, विटांच्या पलीकडे, या वेळी कुणीतरी हात आडवा धरून उभे असणार आणि कुणीतरी आपली बॅग उचलून कडेच्या वाटेने जात असणार. ज्याला आम्ही कधी भेटणार नाही अशा माणसाचे ऋण इतक्या स्पष्टपणे मला क्वचितच जाणवले आहे.

चौथा भाग संपला तेव्हा मावशीचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता आणि तसाच हवेत थांबला होता. इथे दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवत नाहीत, हे मी तिला आधी सांगून ठेवले होते. शेवटचा भाग उजळ आणि वेगवान आहे, उत्सवानंतर लोक उन्हात बाहेर पडावेत तसा, आणि तो संपताच जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्यात मावशीची मोकळी, खणखणीत “वाहवा!” मला स्वच्छ ऐकू आली. वाद्यवृंदाच्या संचालकांनी परत येऊन एकेका वादकसमूहाला उभे केले. ट्रॉम्बोनचे तिघे उठले तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या. नंतर जिने चढताना ती म्हणाली, “आपल्याकडे समेवर दाद मिळाली की गाणारा फुलतो, त्याला ती तिथल्या तिथे हवी असते. हे लोक सगळी दाद साठवतात आणि शेवटी एकदम ओंजळ भरून देतात. दोन्हीत मन लागते, पण साठवून ठेवायला जास्त बळ लागत असेल.”

दहा वाजत आले होते आणि बाहेर अजून उजेड होता. जूनच्या अखेरीस कोलोनमध्ये सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो, आणि त्यानंतरही पश्चिमेचे आकाश बराच वेळ निळसर राहते. आम्ही होहेनत्सोलर्न पुलावरून नदीपलीकडे निघालो. रेल्वेच्या अत्यंत वर्दळीच्या पुलांपैकी हा एक आहे. चालण्याच्या वाटेवरून जाताना शेजारून गाडी गेली की पायांखालची जमीन थरथरते. वाट आणि रूळ यांच्यामधल्या जाळीवर हजारो कुलुपे लटकलेली आहेत. २००८ सालापासून प्रेमी जोडपी तिथे नावे कोरलेली कुलुपे लावतात आणि किल्ली नदीत टाकतात. मावशीने चार-पाच नावे वाचली आणि एका कुलपाची गंजलेली बाजू साडीच्या पदराने पुसून तारीख पाहिली. पूल १९४५ च्या मार्चमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवला होता, आणि युद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला. त्याआधी, १९४२ च्या मे महिन्याच्या शेवटी, एका रात्रीत हजारहून अधिक विमानांनी या शहरावर बॉम्बफेक केली होती. आज जुन्या शहरातली जी रंगीत, निमुळत्या छपरांची घरे नदीकाठी दिसतात, ती बहुतेक नंतर पुन्हा बांधलेली आहेत. डोमवरही बॉम्ब पडले, पण तो उभा राहिला.

पलीकडच्या काठावर रुंद पायऱ्या आहेत आणि उन्हाळ्यातल्या रात्री अर्धे शहर तिथे येऊन बसते. विद्यार्थी, लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबे, गिटार वाजवणारा एक मुलगा, तुर्की बोलणाऱ्या बायकांचा एक घोळका, आणि समोर नदीपलीकडे काळ्या कागदात कापून काढल्यासारखा डोम. जवळच्या टपरीवरून थंड बाटली घ्यायची आणि पायरीवर बसून संथपणे प्यायची, याला इथे कुणी वेगळे मानत नाही. रिकाम्या बाटल्या लोक कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, डब्याच्या बाजूला उभ्या करून ठेवतात. बिअरच्या काचेच्या बाटलीमागे दुकानात ८ सेंट अनामत परत मिळते, आणि ज्यांना त्या पैशांची गरज असते त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून ही पद्धत आहे. मी हे सांगितल्यावर मावशीने आमची पाण्याची बाटलीही तिथेच नीट उभी करून ठेवली.

डॉइट्सच्या दुसऱ्या पुलावरून आम्ही जुन्या शहरात परतलो आणि एका ब्राउहाउसमध्ये शिरलो. ब्राउहाउस म्हणजे मद्यशाळा खरी, पण आपल्याकडे त्या शब्दाला जो अंधार चिकटलेला आहे तो इथे मुळीच नाही. घासून पांढरी झालेली लांब लाकडी टेबले, उजळ दिवे, आणि तीन पिढ्या एका बाकावर. जागा दिसेल तिथे अनोळखी लोकांशेजारी बसायचे असते. वाढणाऱ्यांना क्योबेस म्हणतात; निळा अंगरखा, कंबरेला चामड्याचा बटवा, हातात गोल खाचांचे तबक आणि त्यात उभे सरळसोट पेले. प्रत्येक पेला फक्त ०.२ लिटरचा, कारण क्योल्श ही इथली फिकट, हलकी बिअर ताजीच प्यावी लागते. मोठ्या पेल्यात ती तळाशी पोहोचेपर्यंत मरगळते. क्योल्श हे नाव कुणी वापरावे याचा करार इथल्या मद्यनिर्मात्यांनी १९८६ साली केला, म्हणजे फिलहार्मोनी उघडली त्याच वर्षी, आणि पुढे युरोपीय संघानेही त्या नावाला संरक्षण दिले. पेला रिकामा झाला की क्योबेस न विचारता दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुरे झाले की ती चकती पेल्यावर झाकायची. दोन्ही बाजूंना दुसरा शब्द लागत नाही.

आमच्या क्योबेसने मावशीला सरळ ‘डू’ म्हटले. जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे आपले ‘तुम्ही’ आणि ‘डू’ म्हणजे ‘तू’; अनोळखी वयस्कर बाईला ‘डू’ म्हणणे एरवी उद्धटपणाचे ठरेल, पण क्योबेस सगळ्यांनाच तसे संबोधतो. मी हे समजावल्यावर मावशी प्रसन्न झाली. “आपल्या मंडईतली म्हातारी भाजीवाली मला ‘तू’ म्हणते, तसेच आहे हे. त्यात अपमान नसतो, घरचेपण असते.” ती मद्य घेत नाही, तिने सफरचंदाच्या रसात सोड्याचे पाणी मिसळलेले पेय मागवले.

खाण्यासाठी मी तिच्याकरिता ‘हाल्वे हान’ सांगितले. त्याचा शब्दशः अर्थ ‘अर्धा कोंबडा’ होतो, आणि तो ऐकून मावशीने माझ्याकडे चमकून पाहिले, पण ताटलीत आले ते राय नावाच्या धान्याच्या पिठाचे छोटे पाव, जाड कापलेले खाउडा चीज, लोणी, मोहरी आणि कांदा. कोंबड्याचा त्यात कणभरही संबंध नाही. सोबत राइबेकूखेन घेतले, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तव्यावर परतलेले कुरकुरीत धिरडे, आणि त्याच्याबरोबर सफरचंदाची शिजवलेली गोडसर चटणी. मावशी अंडे खाते, म्हणून हा पदार्थ तिला चालला. “उपासाच्या थालीपिठाची ही लांबची बहीण दिसते,” असे म्हणून तिने पिशवीतून तिखटमिठाची पुडी काढली आणि समोर बसलेल्या वृद्ध जोडप्यालाही देऊ केली. त्या गृहस्थांनी चिमूटभर घेतले, डोळे मिटले, मग आणखी चिमूटभर घेतले. त्यांच्या पत्नीने मोहरीची बरणी आमच्याकडे सरकवली आणि विचारले की आम्ही कुठून आलो. मी साताऱ्याचे नाव सांगितले, मावशीने हाताने डोंगर काढून दाखवले. आम्ही वर मैफलीला होतो हे कळल्यावर त्या हसून म्हणाल्या, “वर नाही, खाली.” अर्धा तास आम्ही चौघे बोलत होतो, मी दुभाषी होते, पण बऱ्याचदा माझी गरजच पडली नाही. मी दोन पेल्यांनंतर चकती झाकली. उठताना त्या बाईंनी मावशीचे दोन्ही हात हातात घेतले.

मध्यरात्र उलटली होती. आमच्या गाडीला वीस मिनिटे होती, म्हणून आम्ही नदीकाठच्या बागेतून, पायऱ्या चढून, पुन्हा त्या चौकाच्या वाटेने स्थानकाकडे निघालो. रखवालदार केव्हाच गेले होते. दोन मुले स्केटबोर्डवरून खडखडत चौक ओलांडून गेली आणि त्यांच्या मागून एक प्रवासी चाकांची बॅग ओढत घाईने स्थानकाकडे गेला. कुणीही कुणाला थांबवले नाही. खालचे सभागृह आता अंधारात होते आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मावशीला म्हटले, “चल, आता बिनधास्त चालता येईल.”

मावशी चौकाच्या कडेला थांबली. तिने साडीच्या निऱ्या जरा वर धरल्या, आणि लाल विटांवरून डोमच्या दिशेने, आवाज होणार नाही अशा बेताने, एकेक पाऊल टेकत चालू लागली. मीही माझी पावले तिच्या पावलांशी जुळवली.